पहिल्या फेरीतल्या गालिनाबाई

गालिनाबाईंसमोर 'गुड ट्राय' म्हणायचं नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. समोरच्या मुलाचा स्मॅश नेटमध्ये गेला आणि अमेरिकेत येऊन नुकतंच शिकलेलं सौजन्य मी त्याच्यावर खर्च केलं. बाईंनी खेळ थांबवला. नेटखाली पडलेलं शटल उचलून माझ्या नाकासमोर धरलं.

"यात गुड काय आहे? दाखव."



बाई एकेकाळी रशियाकडून बॅडमिंटन खेळायच्या. आता पन्नाशीच्या आहेत. फ्रीमाँटजवळच्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये त्या संध्याकाळचा वर्ग घ्यायच्या. मी तिथेच काउंटरवर नोकरी करायचो आणि जमेल तेव्हा वर्गात खेळायचोही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणी ओरडलं की चूक आपलीच असणार, असं मला आपोआप वाटतं. बाईंचं उलटं होतं. चूक कायम जगाची. रनिंग शूज घालून कुणी कोर्टावर आलं की राग. प्लास्टिकचं शटल दिसलं की राग. "हे शटल नाही, बाटलीचं झाकण आहे." वर्गात मराठी मुलं बरीच, म्हणून आपसात 'बाई' हे नाव आम्हीच पाडलं. नागपूरची प्राजक्ता म्हणायची, "अबे, ही हसताना दिसली तर मला फोन कर. मी लेक्चर सोडून येते."

सगळ्यात जास्त राग पिकलबॉलवर. फळीसारखी बॅट, भोकाभोकांचा चेंडू, छोटंसं कोर्ट. हा खेळ इथे सगळीकडे पसरलाय. शेजारच्या हॉलमधून टकटक सुरू झाली की बाई मधलं दार लावायच्या. आपटून.

एका सोमवारी जिमचा मॅनेजर ब्रायन हसत हसत आला. पुढच्या सेमिस्टरपासून आमचा हॉलही पिकलबॉलला हवा होता. शुक्रवारपर्यंत वर्गाला पुरेशी नवी नावं आली तर बघू, म्हणाला. "एक पोस्टर कर. प्रो होती ना ती? चॅम्पियन लिही."

मी बाईंकडे गेलो. त्या पिसांची शटलं किटलीच्या वाफेवर धरून बसल्या होत्या. वाफ दिली की पिसं लवकर तुटत नाहीत.

"कोच, तुम्ही कोणत्या स्पर्धा जिंकल्या?"

"एकही नाही."

मला वाटलं, माझं विचारणंच चुकलं. "म्हणजे, बाहेरच्या देशांत..."

"बाहेरचंच सांगते. पहिला राउंड, हरले. दुसरा देश. पहिला राउंड, हरले." जणू तेव्हाचा अंपायर मीच होतो, असं चिडून त्या सांगत होत्या. "परतीचं तिकीट सगळ्या टीमचं एकत्र, रविवारचं. मी मंगळवारी हरायची. मग रविवारपर्यंत स्टँडमध्ये बसायचं आणि दुसऱ्यांच्या मॅच बघायच्या. लिही, माझं करिअर म्हणजे खुर्ची."

"मग सोडलं का नाही?"

"दुसरा राउंड आतून कसा दिसतो ते बघायचं होतं."

मी हे ब्रायनला सांगितलं. तो हसला. "कोण तपासायला जातंय? चॅम्पियन टाक."

माझे कान तापले. इथे आल्यापासून मी कुणाला 'नाही' म्हणालो नव्हतो. "नाही टाकणार," मी म्हणालो. "त्या जे खेळल्या तेच लिहीन." ब्रायन म्हणाला, "ओके, बडी." त्या 'बडी'ने मी आणखीच भडकलो.

त्याच रागात पोस्टर केलं. वर बाईंचा वर्गातला फोटो, हातात रॅकेट, कपाळाला आठ्या. खाली इंग्रजीत लिहिलं: 'गालिना रशियाकडून कित्येक वर्षं खेळल्या. बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत हरल्या आणि पुन्हा खेळायला गेल्या. तुम्हीही हरत असाल तर यांच्याकडे शिका.' काउंटरशेजारच्या भिंतीवर चिकटवलं आणि राग उतरल्यावर घाबरलो. बाई यायच्या वेळेला टॉवेल मोजायला आत जाऊ लागलो.

शुक्रवारपर्यंत तीनच नावं आली. ब्रायनने बाईंना ऑफिसात बोलावलं. बंद दारातून बाईंचा आवाज येत होता, ब्रायनचा येत नव्हता. हॉल गेला.

बाई बाहेर आल्या त्या थेट पोस्टरसमोर थांबल्या. या वेळी मला आत पळता आलं नाही. त्यांनी सगळं वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"बहुतेक वेळा?"

"सॉरी, कोच."

"दोनदा दुसऱ्या राउंडला गेले होते."

"मी बदलतो."

"कशाला? 'बहुतेक' बरोबर आहे." त्या चारही कोपऱ्यांची टेप नखाने सोडवू लागल्या, कागद फाटणार नाही इतक्या सावकाश. पाठ माझ्याकडे होती. "रंगीत अजून एक काढून देशील? आईला पाठवायचंय. माझ्याबद्दल छापलेलं तिने कधीच पाहिलं नाही."

त्या 'हरल्या' शब्दावर माझी नजर अडकली. "पण कोच, तुमच्या आईंना इंग्रजी..."

"येत नाही," बाई म्हणाल्या. "फोटो बघेल. खालचं मी फोनवर वाचून दाखवीन."