लेबलावरची आडवी रेघ

बाटली फिरवायला अक्कल लागत नाही, मनगट लागतं, असं माझं ठाम मत होतं. मी पंधरा वर्षं पावाची कणीक तिंबतोय. मनगटाची ददात नाही.

सासऱ्यांना, म्हणजे आन्सेल्म तावर्नेल यांना, हे पटत नव्हतं. त्यांच्याकडे पाच पिढ्या शॅम्पेन करतात. आमच्या गावात जावई पसंत पडला की लेबलावर सासऱ्यांच्या आडनावापुढे आडवी रेघ मारून त्याचं आडनाव छापतात. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझी रेघ काही उमटेना. माझ्यामागून लग्न झालेल्या तिघांची नावं बाटल्यांवर आली. जिवाला लागायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि तेही द्राक्षमळेवाल्यांच्या संत व्हिन्सेंटच्या सणाआधी दीड महिना. सणाला गावाला शॅम्पेन पाजायची पाळी नेमकी त्यांची. तळघरात सहाशे बाटल्या भोकाच्या फळ्यांत आडव्या खोचलेल्या. रोज प्रत्येकीला थोडं फिरवायचं, थोडं मानेवर उभं करायचं, म्हणजे दीड महिन्यात गाळ मानेत उतरतो आणि वाइन नितळ होते.

"जावईबापू, बुडावर खडूची खूण आहे. रोज उजवीकडे, वळशाचा आठवा हिस्सा. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"जमलं तर छापू. तावर्नेल-ब्रुशार."

त्या दिवसापासून भट्टी आटोपली की सकाळी नऊच्या ठोक्याला मी तळघरात. एक दिवस चुकवला नाही. खटकायचं एवढंच, की दुसऱ्या सकाळी पाहावं तर खुणा जिथल्या तिथे. मला वाटलं, आपलाच हात हलका पडतोय. मग मी जरा जोरात पिळायचो.

सणाला दोन दिवस उरले आणि सासरे काठी टेकत परतले. बाटलीमागे मेणबत्ती धरली. आत परात धुतल्यासारखं गढूळ पाणी.

"फिरवत होतास की नुसता गारव्याला बसत होतास?"

"रोज फिरवल्या. आईची शपथ."

एवढ्यात माझी बायको सोलेन जिना उतरून आली. "बाबा, त्याला बोलू नका. धांदरट आहे तो. सगळ्या बाटल्या वाकड्या करून जायचा. मी रोज संध्याकाळी तुमच्या खुणेवर आणून नीट आडव्या ठेवायचे."

"रोज?" सासऱ्यांनी विचारलं.

"रविवारीसुद्धा."

मी कपाळाला हात लावला. "अगं, एकदा विचारायचंस तरी."

"आधीच नावावरून तोंड पाडून बसतोस. म्हटलं, गुपचूप सावरून घ्यावं. आणि बाबा, मला कधी तळघरात पाऊल टाकू दिलंत, म्हणून कळणार?"

सासऱ्यांनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली. मी चाचरत म्हणालो, "मग लेबलाचं राहूच द्या."

"का? छापू की. शब्द म्हणजे शब्द."

माझे डोळे भरून आले, खरंच सांगतो.

"या सहाशेंवर छाप तुझं नाव," ते म्हणाले. "माझं तेवढं काढून टाक."

सणाला अख्ख्या गावानं ते वाचलं. सावकाश, बाटली उजेडात धरून.