बॅलडमधला लपलेला पुरुष

"उद्याच्या माझ्या समीक्षेत एकही शब्द हवेतला नसेल," मोजपट्टीने जेवताना जाहीर केलं. "सूर चुकला तर किती चुकला, ते आकड्यात सांगेन!"

घरात तिला मोजपट्टी म्हणत, आणि हे नाव तिने मेहनतीने कमावलं होतं. भौतिकशास्त्राची पदवी मिळाल्यापासून ती चहासुद्धा तापमान बघून प्यायची. सध्या ती एका बातम्यांच्या संकेतस्थळावर उमेदवारी करत होती. आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या एका बॅलडवर, म्हणजे संथ, रडवेल्या कथागीतावर, तिला लिहायचं होतं. लेख जमला तर नोकरी कायम, असं संपादक मॅडमनी सांगितलं होतं. त्यामुळे आठवडाभर घरात तेच गाणं वाजत होतं. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई, कडव्यामागून कडवी, आणि नवरा काही शेवटपर्यंत येत नाही!

फेरी तिकडे रात्री, म्हणजे इकडे सकाळी. मोजपट्टीने फोनवर आवाज टिपून सूर मोजणारं ॲप सुरू केलं. पण बॅटरी शेवटचे आचके देत होती आणि मोकळा प्लग एकच होता, बाथरूमच्या दाराशी. फोन तिथे स्टुलावर ठेवून तिने टीव्हीचा आवाज असा वाढवला, की शेजाऱ्यांचं बाळ उठलं, आणि स्वतः पडद्याला नाक लावून बसली.

गाणं संपल्यावर तिने आलेख उघडला आणि तिचे डोळे खोबणीतून बाहेर यायचेच बाकी राहिले. गायिकेच्या सुराची एक रेघ वर. आणि तिच्या खाली, चोर सरपटावा तशी, दुसरी रेघ! पुरुषाच्या आवाजाची!

मंचावर तर ती बाई एकटी होती! आणि नियम स्पष्ट होता: जो आवाज ऐकू येईल, तो मंचावरच्याच माणसाचा हवा.

"लबाडी!" मोजपट्टी किंचाळली.

"काय झालं गं? दूध उतू गेलं?" गच्चीवरून आईने विचारलं.

"आई, एक अख्खा देश लबाडी करतोय!"

"मग ठीक आहे. मला वाटलं दूध."

मोजपट्टीने रेकॉर्डिंगमधून गायिकेचा आवाज गाळून टाकला. उरलेला आवाज चिरका, घुमणारा आणि अगदीच अनोळखी होता. ती लिहीत सुटली: 'हा गुप्त गायक मूळ सुराच्या पाव स्वर खाली आहे. त्याला शब्दही पाठ नाहीत. दुसऱ्या कडव्यात तो नुसतंच ऊं ऊं करतो. पिंपात अडकलेल्या रेड्याचा भास होतो. मागचा लाटांचा आवाज मात्र अस्सल! समुद्र डोळ्यांसमोर उभा राहतो.'

मॅडमनी मथळा दिला, 'बॅलडमधला लपलेला पुरुष!' आणि क्लिपसकट लेख टाकला. दुपारपर्यंत जगभर आग लागली. ती गायिका पहिली आली होती, आता आयोजकांनी तिचं पदक अडकवलं. ती टीव्हीवर रडत सांगू लागली, "माझ्यामागे कोणीही पुरुष नाही हो!" त्यावर तिचा नवराच बिथरला म्हणे. कोण हा पुरुष?

बाबा चष्म्याचं दुकान बंद करून जेवायला आले, तेव्हा मोजपट्टीचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यांनी उभ्याउभ्याच लेख वाचला.

"शाबास पोरी! पिंपातला रेडा! असल्यांना असंच सोललं पाहिजे. ऐकव बघू मला."

तिने क्लिप लावली. आईच्या हातातलं ताट तिरकं झालं.

"अगं बाई! हे तर ह्यांचं दाढीचं गाणं!"

"कोणाचं?"

"ह्यांचं! दाढी करताना रोज चालतं, तू झोपेत असतेस तेव्हा. म्हणून तर मी त्या वेळेला कपडे वाळत घालायला वर जाते. आणि ती लाट नाही गं, आपला नळ आहे."

मोजपट्टीने मान वळवली. तिला बाथरूमचं दार, स्टूल आणि प्लग एका रेषेत दिसले. बाबा खाली बसले.

"रेडा?" ते पुटपुटले.

तिने मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं. मॅडमनी उसासा टाकला.

"वडिलांची सही घेऊन खुलासा पाठव. आत्ता! नुसत्या तुझ्या शब्दावर आता आयोजक त्या बाईला सोडणार नाहीत. आणि खुलासा आला नाही, तर उद्यापासून तूही येऊ नकोस."

बाबांनी पेन घेतलं आणि परत ठेवलं.

"सही देतो. पण 'पाव स्वर खाली' हे काढायचं. सुरात होतो, असं लिही."

"बाबा, आलेखात स्पष्ट दिसतंय!"

"रेडा राहू दे हवं तर. रेडासुद्धा सुरात असू शकतो."

"अहो, पण मी मोजलंय!"

"मग त्या आलेखाचीच सही घे."

"लिहून टाक गं," आई कळवळून म्हणाली. "तिकडे कोणाची तरी लेक रडतेय!"

मोजपट्टीने डोळे मिटले आणि लिहिलं: 'तो आवाज समीक्षिकेच्या वडिलांचा असून तो पूर्णपणे सुरात होता.' बाबांनी ऐटीत, दोनदा अधोरेखित करून सही ठोकली आणि ते कपडे बदलायला आत गेले.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "त्या बाईला पदक मिळालं. वर एवढे वाचक आपल्याला आजवर कधी मिळाले नव्हते! आणि खरं सांगू? स्वतःच्या बापाबद्दलसुद्धा तू तोलूनमापून लिहिलंस. म्हणूनच तुला कायम करतेय. 'पूर्णपणे सुरात' हे नीट मोजलंयस ना?"

आतल्या खोलीत बाबांनी तिसरं कडवं घेतलं होतं.

"मोजलंय, मॅडम," मोजपट्टी म्हणाली आणि फोनवर हात दाबून पायानेच दार लोटायला धावली.