एक लाखावा पाहुणा

तुम्हाला म्हणून सांगते, नियोजन करावं तर मी! आमच्या नागीहामा गावात लग्न असो, तळ्यावरची आतषबाजी असो की शाळेची सहल, लोक आधी मला विचारतात. म्हणून आमच्या शिंपला संग्रहालयात एक लाखावा पाहुणा येण्याचा दिवस उजाडला, तेव्हा सगळी सूत्रं मी माझ्या हातात घेतली. कोणी दिली नव्हती, हा भाग वेगळा.

नागीहामात बघण्यासारखं काय, असं विचाराल तर तीन गोष्टी. तळं, तळ्यातल्या पायांनी चालवायच्या हंसाच्या होड्या आणि आमचं संग्रहालय. लोक याच क्रमाने बघतात आणि बहुतेकांचा उत्साह दुसऱ्या नंबरावरच संपतो. त्यामुळे लाखाचा आकडा गाठायला आम्हाला एकतीस वर्षं लागली. हंसवाल्या देगुचींचा लाख आठ वर्षांत झाला. त्यांनी तर बँड लावला होता! पुढे महिनाभर आमचे होरिगोमे साहेब तळ्याकडे पाठ करून डबा खात होते.

होरिगोमे साहेब म्हणजे आमचे संचालक. संग्रहालय उघडलं त्या दिवसापासून तेच. एकतीस मार्चला संध्याकाळी ते निवृत्त होणार होते आणि त्यांची इच्छा एकच होती. एक लाखाव्या पाहुण्याला स्वतःच्या हाताने पुष्पगुच्छ द्यायचा! त्या प्रसंगाचं भाषण त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. दर उन्हाळ्यात ते कपाटातून काढून त्याला ऊन दाखवायचे.

आणि एकतीस मार्चच्या सकाळी दाराजवळच्या फलकावर आकडा होता, नव्व्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव!

"दोनच माणसं हवीत," साहेब म्हणाले. "येतील ना हो, तोमोए-सान?"

"साहेब, तुम्ही निर्धास्त राहा! मी आहे ना!"

साहेबांचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. पण तो मला तसा वाटला असेल.

माझी तयारी पक्की होती. दारावर कुसुदामा टांगला होता, म्हणजे आपला तो सोनेरी गोळा. दोरी ओढली की तो दुभंगतो आणि पाहुण्याच्या डोक्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडतो. दोरी आमच्या सफाईवाल्या सावाए मावशींच्या हातात दिली होती. "एकच पाहुणा उरला, की पुढचं पाऊल आत पडताच ओढायची," एवढंच काम. तालुक्याच्या वर्तमानपत्राचा बातमीदार बोलावला होता. आणि सर्वांत मोठी युक्ती म्हणजे, गावातल्या खांबांवर जे नगरपालिकेचे भोंगे आहेत ना, वादळाची सूचना देणारे, त्यांवरून मी घोषणा करवली होती. "आज शिंपला संग्रहालयात एक लाखाव्या पाहुण्याचा सत्कार होणार आहे. सर्वांनी अगत्य यावे!"

अकरा वाजता देगुची आले. या माणसाच्या आडनावाचा अर्थच मुळी 'बाहेर जाण्याचा रस्ता', त्यामुळे ते आत येताना दिसले की मला अपशकुन वाटतो. पण त्यांनी माझ्या खिडकीवर रीतसर तिकीट काढलं.

"घ्या, नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव! म्हटलं, शेजाऱ्याला हातभार लावावा. आता एकच उरला. एका माणसाची सोय होईल ना? नाहीतर माझा एखादा हंस पाठवतो!"

"हंस नको. फारच अडलं तर बँड मागून घेईन," मी म्हणाले.

आणि दुपारी अख्खं गाव लोटलं! टोफूवाले आले, न्हावी आले, देवळातले पुजारी आले, बालवाडीची पोरं हातात कागदी झेंडे घेऊन आली. म्हाताऱ्यांनी घरून घडीची स्टुलं आणली. मी खिडकीतून बघून साहेबांना म्हटलं, "बघा! एक मागितला होता, तीनशे आले!"

तीनशे आले खरे, पण सगळे दाराबाहेर दोन रांगा करून उभे राहिले. मधे स्वच्छ मोकळी वाट ठेवली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कोणी हलेना.

मी बाहेर गेले. "या ना! आत या!"

"आम्ही?" टोफूवाले काका दचकले. "आम्ही सत्कार बघायला आलोय. पाहुणे कधी येतायत?"

"कुठले पाहुणे?"

"एक लाखावे! भोंग्यावर सांगितलं ना, त्यांचा सत्कार आहे. सर्वांनी यावे. आम्ही आलो. आता ते आले की झालं!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गावाला सत्काराचं आमंत्रण दिलं होतं, पाहुणा व्हायचं नाही!

"अहो काका, पाहुणा ठरलेला नसतो! जो आत जाईल तो एक लाखावा. तुम्ही जा!"

टोफूवाल्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मी? गावातला माणूस? बक्षीस बघून पुढे घुसला म्हणतील सगळे! पुजारीबुवा, आधी तुम्ही."

"छे छे! मान वडीलधाऱ्यांचा. आजी, आधी तुम्ही."

"मला मेलीला कशाला? मी गेल्या वर्षीच येऊन गेले. शिंपले काय बदलणारेत? न्हावीदादा, आधी तुम्ही."

प्रत्येकजण दुसऱ्याला वाट देताना कमरेत वाकत होता. आणि आमचं दार आहे आपोआप उघडणारं! समोर काही हललं की उघडतं. पुजारीबुवा वाकले, दार उघडलं. आजी वाकल्या, मिटता मिटता पुन्हा उघडलं. न्हावीदादा तर इतके खाली वाकले की त्यांचं डोकं उंबऱ्याच्या आत आलं!

सावाए मावशींनी दोरी ओढली.

फट्! कुसुदामा दुभंगला, कागदांचा पाऊस पडला, "अभिनंदन! एक लाखावे पाहुणे!" अशी पताका सरसर खाली आली, तीनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी झेंडे हलवले. न्हावीदादा केव्हाच चार पावलं मागे जाऊन उभे होते.

"मावशी! कोणी आलं कुठे?"

"तुम्हीच म्हणालात, आत पाऊल पडलं की ओढा!"

"ते पाऊल होतं का? ते डोकं होतं!"

"मग तसं सांगायचं आधी," मावशी म्हणाल्या आणि केरसुणी आणायला गेल्या.

आम्ही दोघींनी कागदाचे कपटे गोळा करून परत गोळ्यात कोंबले आणि पार्सलच्या चिकटपट्टीने तो बंद केला. साहेब आतून काचेला नाक लावून बघत होते. हातात पुष्पगुच्छ, खिशात भाषण. साडेतीन झाले होते. एकतीस वर्षं ज्या माणसाने रोज सकाळी एकेक शिंपला मऊ फडक्याने पुसला, त्याला एक पाहुणा मिळू नये?

तेवढ्यात मोठी बस येऊन थांबली! डोंगरापलीकडच्या कुठल्याशा ज्येष्ठ नागरिक मंडळाची, चांगली अठ्ठावीस माणसं! बाहेरगावची! मी जवळजवळ नाचतच बसकडे धावले. पण ती मंडळी खाली उतरली आणि त्यांनी काय पाहिलं? दुतर्फा उभी माणसं, हातात झेंडे, मधे मोकळी वाट, कॅमेरा रोखलेला बातमीदार.

"बापरे, कोणीतरी बडी असामी येतेय वाटतं!" त्यांचे म्होरके कुजबुजले. "चला चला, बाजूला व्हा! वाट अडवू नका!"

आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण मुकाट्याने रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. बालवाडीच्या पोरांनी त्यांना जास्तीचे झेंडे दिले. पाच मिनिटांनी बसचा ड्रायव्हरही आला. त्यालाही एक झेंडा मिळाला.

मी हात जोडले, विनवण्या केल्या. देगुचींना बाजूला घेऊन म्हटलं, "तुम्हीच पुन्हा या हो!" त्या माणसाचीही तेव्हा थट्टा करायची हिंमत झाली नाही. "आलो असतो, पण एका माणसाने एका दिवसात दोनदा मोजून घ्यायचं म्हणजे होरिगोमेंना ती फसवणूक वाटेल," ते हळूच म्हणाले. आणि ते खरंच होतं.

पाचला संग्रहालय बंद होतं, त्याची धून पावणेपाचला वाजली. ती घड्याळाला जोडलेली आहे, आपोआप वाजते. आमच्या लोकांचं तुम्हाला सांगते, भूकंपात एक वेळ जागचे हलणार नाहीत, पण ही धून वाजली की पाय आपोआप घराकडे वळतात! तीनशे माणसांनी स्टुलं मिटली, जमिनीवरचे उरलेसुरले कागद वेचले, आम्हाला वाकून नमस्कार केला. "आज फार छान झालं हं," टोफूवाले काका म्हणाले. बस गेली. बातमीदारही गेला.

साहेब माझ्या तिकिटाच्या खिडकीपाशी आले. त्यांनी पुष्पगुच्छ माझ्या खिडकीत ठेवला. किल्ल्यांचा जुडगा ठेवला. कार्यभार सोपवल्याच्या कागदावर सही केली, शिक्का मारला. कपबशी आणि सपाता भरलेलं खोकं उचललं.

"तोमोए-सान, तुम्ही खूप कष्ट घेतलेत," ते म्हणाले. मला रडूच फुटणार होतं.

ते बाहेर गेले. पायरीवर खोकं ठेवून मागे वळले आणि त्यांनी संग्रहालयाला शेवटचा नमस्कार केला. चांगला कमरेतून, एकतीस वर्षांचा.

दार उघडलं!

मी उघड्या दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पाचला सहा मिनिटं कमी होती. टेबलावरच्या कागदावर सहीची शाई अजून ओली होती.

"साहेब!" मी ओरडले. "सही झाली म्हणजे आता तुम्ही इथले कोण?"

"कोणीच नाही," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"मग पाहुणेच की! तिकीट काढा!"

"मी? छे, छे! भलतंच काय!" ते घाईघाईने बाजूला सरले. "आधी..."

आणि 'तुम्ही' म्हणायला ते मागे वळले. मागे तळं होतं. दुसरं कोणी नव्हतं.

साहेबांनी तिकीट काढलं. सपाता घालून आत पाऊल टाकलं. सावाए मावशींनी दोरी ओढली, गोळा काही उघडेना. माझी चिकटपट्टी! शेवटी मावशींनी त्याला केरसुणीचा दांडा हाणला, तेव्हा अख्खा गोळाच साहेबांच्या खांद्यावर आला. पुष्पगुच्छ द्यायचा कोणी, हा प्रश्नच होता. मी तो त्यांच्या उजव्या हातात दिला, त्यांनी तो स्वतःच्या डाव्या हातात दिला. मग खिशातून भाषण काढून त्यांनी ते स्वतःला वाचून दाखवलं. "आपण एवढ्या लांबून आलात," या वाक्याला ते जरा अडखळले, कारण त्यांचं घर संग्रहालयाच्या मागच्या गल्लीत आहे. पण डोळे पुसून त्यांनी ते पूर्ण केलं. मावशी तर हुंदके देत होत्या.

नंतर साहेब म्हणाले, "तिकीट काढलंच आहे, तर बघून घेतो." आणि पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत, एकेक पाटी वाचत, हात पाठीमागे बांधून ते हिंडले. बंद व्हायची वेळ टळून गेली, पण एक लाखाव्या पाहुण्याला बाहेर कोण काढणार?

परत आले तेव्हा चेहरा खुलला होता. "सुंदर आहे हो तुमचं संग्रहालय."

"आभारी आहे," मी वाकून म्हणाले. 'तुमचं' म्हणाले, म्हणून मला पुन्हा भरून आलं.

"एक बारीकशी तक्रार आहे. पाहुणा म्हणून बोलू का?"

"बोला ना!"

"तिसऱ्या कपाटात दोन पाट्यांची अदलाबदल झालीय. आपल्या तळ्याच्या शिंपल्यापुढे 'ही जात नागीहामात आढळत नाही' अशी पाटी आहे. आणि 'आमच्या तळ्याचं भूषण' ही पाटी फिलिपिन्सच्या शिंपल्यापुढे."

माझे कान तापले. त्या पाट्या मी लावल्या होत्या! नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, सोळा वर्षांपूर्वी!

"साहेब, तुम्हाला आज दिसलं?"

"नाही हो. तुम्ही लावल्यात त्याच संध्याकाळी दिसलं होतं," साहेब अत्यंत मऊ आवाजात म्हणाले. "पण साहेबाने बोललेलं मनाला लागतं. म्हटलं, एखादा पाहुणा तक्रार करेल, मग त्याच्या नावावर सांगू. सोळा वर्षं वाट बघितली. एकही बोलला नाही."