सुट्टीची गाडी सगळीकडे थांबेल

"उद्या मी गाडी चालवणार. पण ड्रायव्हर म्हणून नाही, बाप म्हणून!"

शनिवारी जेवता जेवता बाबांनी अशी दणदणीत घोषणा केली, आणि पुढचा घास तोंडाशी नेता नेताच त्यांना डुलकी लागली.

बाबा शहर बसचे ड्रायव्हर. आठवडाभर तीच बस, तोच रस्ता, तेच स्टॉप. घरी आले की ते सोफ्यावर बसत नसत, पार्क होत. एकदा पार्क झाले की त्यांना ढकलायला चार माणसं लागत. पण ह्या रविवारी काय वाट्टेल ते झालं तरी हलायचंच होतं. थंडी ओसरली होती, झाडांना पोपटी पालवी फुटली होती, आणि तळ्याकाठच्या बागेत मुलांच्या बोटींची शर्यत होती. घरी बनवलेल्या बोटी! मागच्या वर्षी ऐनवेळी डेपोतून फोन आला, बाबा कामावर गेले, आणि धाकट्या ठमीने आपली बोट बादलीत सोडून एकटीनेच शर्यत लावली. एकटीच होती, तरी दुसरी आले म्हणून रडत बसली!

ते रडणं बाबांच्या डोक्यात वर्षभर घणासारखं वाजत होतं. म्हणून यंदा त्यांनी स्वतः बसून बुटांच्या खोक्याची बोट केली. मेणबत्तीचं मेण फासलं. शीड म्हणून आपल्या जुन्या खाकी शर्टाचा खिसा उसवून लावला. एवढा थाट की खरं जहाज बघून लाजलं असतं!

मामाची शाळेची व्हॅन उसनी आणली होती. पुढे बाबा आणि आई, मागे ताई आणि ठमी, आणि एका सीटवर एकटी, राणीसारखी, पिशवीत बोट.

"दहाला शिट्टी," ठमी म्हणाली. "बाबा, उशीर झाला तर?"

"ह्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला नावानं ओळखतो," बाबा म्हणाले. "उशीर कसला होतोय!"

आणि तिथेच घात झाला. कारण तळ्याकडे जाणारा रस्ता म्हणजे बाबांच्याच बसचा रस्ता. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले, पण पाय? पाय अगदी ड्यूटीवर! पहिला स्टॉप आला आणि व्हॅन अलगद डावीकडे सरकून थांबली. बाबांनी हात मागे टाकून दारसुद्धा उघडलं!

"अहो, का थांबलात?" आई म्हणाली.

बाबांनी स्टॉपकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "काय माहीत!"

पण तोवर एक मावशी आत चढल्या होत्या. मावशी म्हणजे अशा, की त्या चढल्या आणि व्हॅनने सुस्कारा सोडला.

"मावशी, ही बस नाहीये."

"दिसतंय की. रविवारी गर्दी नसते म्हणून छोटी पाठवली असणार. तुम्ही आमचे रोजचे ड्रायव्हर, तुम्हाला ओळखत नाही का मी?" आणि मावशी धप्पकन बसल्या. "सीट जरा टोचतेय हं, ड्रायव्हरदादा. डेपोत सांगा."

आता तुम्हीच सांगा, धप्पकन बसलेल्या मावशींना कोण उठवणार? बाबांनी गाडी काढली.

"पुढच्या स्टॉपला बघायचंच नाही," आई बजावून म्हणाली. "मान सरळ ठेवा."

बाबांनी मान सरळ ठेवली. पायाने ब्रेक दाबला.

ह्या खेपेला एक चष्मेवाले आजोबा, त्यांच्या दोन नाती, आणि टोपी घातलेला एक लुकडा माणूस चढला. माणसाच्या गळ्यात दोरी होती, तिचं टोक शर्टात गेलेलं. तो शेवटच्या सीटवर गेला, खिडकीला डोकं टेकवलं आणि घोरायला लागला. बाबांनी आरशातून त्याच्याकडे इतक्या हेव्याने पाहिलं, की एखाद्याने लॉटरी लागलेल्याकडेही पाहिलं नसेल.

"उतरायला सांगा ना त्यांना!" आई कुजबुजली.

"रोज 'चढा, चढा' म्हणतो गं मी. 'उतरा' म्हणायची जीभच नाही मला!"

मागे मात्र ताईला चेव चढला होता. ती उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पुढे सरका! पुढे सरका! पिशव्या मांडीवर घ्या!" आणि हातातल्या कड्याने दांडीवर टण टण वाजवलं. झालं! दोन टण ऐकले की बाबांचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर, एक टण ऐकला की ब्रेकवर. हे आजोबांच्या नातींच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागतो? टण! व्हॅन थांबली. टण टण! निघाली. टण! पुन्हा थांबली. मधल्या एका थांबण्यात तर एक कुत्रासुद्धा चढायला आला होता. ताईने त्याला "मागून दुसरी येतेय," असं सांगून परत पाठवलं.

"ताई, माझी बोट कुठेय?" ठमीचा आवाज आला. तो रडक्या गल्लीत वळायच्या बेतात होता.

"असेल गं कुठेतरी. जरा खाली बघ."

खाली नुसते पायच पाय होते.

तेवढ्यात मागून कर्णकर्कश हॉर्न. बाबांच्या जागी आलेला बदली ड्रायव्हर रिकामी बस घेऊन बाजूला आला आणि खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, "अरे, सुट्टीच्या दिवशी तरी माझ्या पोटावर पाय देऊ नकोस! सगळे पॅसेंजर पळवलेस!"

बाबांचा चेहरा उजळला. देवदूत आला असता तरी एवढा उजळला नसता. "घे रे बाबा, सगळे घे! मंडळी, तुमची खरी बस आली. चला, उतरा!"

जीभ आली होती! पण कान कुणालाच नव्हते.

"आता बसलोय हो," आजोबा म्हणाले.

"जागा उबदार झालीय," मावशी म्हणाल्या.

"इथली कंडक्टर जास्त गोड आहे," आजोबांची नात म्हणाली, आणि ताईने लाजून टण टण वाजवलं. व्हॅन निघाली. मागे बदली ड्रायव्हर आकाशाकडे हात करून काहीतरी बोलत राहिला. ते बरं नसावं.

घड्याळात दहा कधीच वाजून गेले होते. बाबांना आता झोपही येत नव्हती. आरशात ठमी दिसत होती, आणि तिच्या डोळ्यांत मागच्या वर्षीची बादली.

"बाबा, शर्यत झाली असेल ना?"

बाबांनी आरशावरून नजर काढून रस्त्यावर लावली. आईने नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाकी काय करणार?

तळ्याशी व्हॅन थांबली आणि बाबा बघतच राहिले. काठावर पोरं बोटी घेऊन तशीच उभी. त्यांचे आईबाप रागाने लालेलाल. "शिट्टीवाले कुठे मेले?" एक बाई तावातावाने विचारत होत्या. "तासभर झाला!"

मागच्या सीटवरचा लुकडा माणूस दचकून उठला. "आलं का तळं?" त्याने शर्टात हात घालून दोरी ओढली. दोरीच्या टोकाला शिट्टी! "काय हो ही बस! ह्याच्यापेक्षा चालत आलो असतो तर लवकर पोचलो असतो!"

बाबांना त्याची पापी घ्यावीशी वाटली. बाप म्हणूनही आणि ड्रायव्हर म्हणूनही.

मग मावशी उठल्या. आणि त्यांच्या खाली, सीटवर, पिशवीत बोट होती. म्हणजे बोट होती असं म्हणायचं. आता ती पापडाच्या जातीची एक वस्तू होती, वर खाकी खिसा.

"तरी मी म्हटलंच, टोचतंय!" मावशी म्हणाल्या.

ठमीचे ओठ थरथरले. बाबांचेही. पण शिट्टी वाजली, वेळच नव्हता! बाबांनी ती चपटी वस्तू तशीच पाण्यावर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

"बाबा! तरंगतेय!"

तरंगत होती! बाकीच्या बोटी सुसाट पुढे गेल्या. ठमीची बोट मात्र काठाकाठाने निघाली. पहिल्या दगडाशी थांबली. जरा वेळाने निघाली. गवताच्या झुबक्याशी थांबली. एक बदक जवळ आलं, त्याच्यापाशी तर चांगली ऐसपैस थांबली.

"बाबा, ती तुझ्या बससारखीच चालतेय!" ठमी टाळ्या पिटत ओरडली. काठावरून ती बोटीबरोबर धावत होती, "पुढे सरका! पुढे सरका!" करत. बोट सगळ्यांत शेवटची आली. ठमी जिंकल्यासारखी नाचली.

बाबा गवतावर आडवे झाले. पालवीतून गाळलेलं ऊन अंगावर आलं. वर्षभराचं वजन पाठीतून हळूहळू जमिनीत उतरायला लागलं. डोळे मिटणार, तोच तोंडावर सावली पडली. मावशींची. त्यांच्या मागे आजोबा, दोन्ही नाती, शिट्टीवाले, आणि अजून कोण कोण, शिस्तीत रांग लावून.

"ड्रायव्हरदादा, परतीची गाडी कधी सुटणार?"

आई उठून बसली. नाही म्हणा, नाही म्हणा, असं ती डोळ्यांनी सांगत होती. बाबांनी तोंड उघडलं. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तेच निघालं.

"पाच मिनिटांत."