सावकाश समितीची वेगमोजणी

“गाड्या जोरात जातात, हे तुमचं म्हणणं झालं. पुरावा?” वाहतूक खात्याच्या अभियंत्याने दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्याच विचारले.

घड्याळजीने टेबलाकडे बोट दाखवले. बाहेरून ट्रक गेला आणि टेबलावरचे खसखशीएवढे स्क्रू टणाटण उड्या मारत जमिनीवर विखुरले.

“हा पुरावा नाही, पसारा आहे. उद्या सकाळी यंत्र घेऊन येतो. वेग जास्त निघाला तर मर्यादेची पाटी आणि गतिरोधक मंजूर. कमी निघाला तर फाइल बंद. कायमची.”

चौकातला सिग्नल चुकवायचा असला की सारे शहर या अरुंद गल्लीतून पळत असे. त्याविरुद्ध घड्याळजीने ‘सावकाश समिती’ काढली होती. समितीत तो आणि त्याची आत्या, असे दोनच सदस्य. पैकी आत्याचा प्रत्येक ठरावाला विरोध. पण समिती निघाली होती तिच्याचसाठी. एका मोटारीच्या आरशाने तिच्या हातातली पिशवी अडकवून कोपऱ्यापर्यंत नेली होती, आणि त्या दिवसापासून तिने रस्ता ओलांडला नव्हता. समोरच्या घरात तिची जिवाभावाची मैत्रीण, शिवणकाम करणारी मावशी, राहत असे. आता दोघी दोन खिडक्यांतून बोलत. एकीचे वाक्य दुसरीपर्यंत पोहोचेतो त्यावरून दोन मोटारी गेलेल्या असत, आणि पलीकडे पोहोचायचे ते त्याचे शेवटचे दोन शब्द.

लाजाळू माणसाला आनंद पचत नाही. मोजणीची बातमी घड्याळजीने संध्याकाळी फक्त दूधवाल्याच्या कानात सांगितली. दिवेलागणीपर्यंत ती गल्लीच्या दोन्ही टोकांना पोहोचली.

सकाळी अभियंत्याने तिपाईवर यंत्र मांडले. पहिला आला दूधवाला, मोटारसायकलवर बसून दोन्ही पाय जमिनीला घाशीत.

“ताशी सहा,” अभियंता म्हणाला.

मागून टेम्पोवाला आला. एरवी त्याचा हॉर्न आधी ऐकू येई आणि टेम्पो दिसेपर्यंत निघून गेलेला असे. आज तो भांग पाडून, यंत्राकडे पाहून मंद हसत येत होता.

“ताशी अकरा.”

घड्याळजी टेम्पोबरोबर चालू लागला. त्यासाठी त्याला फारसे घाईने चालावेही लागले नाही. “दादा, हे काय चालवलंय?”

“पाठिंबा!”

“अहो, पाठिंबा असेल तर पळवा ना!”

“छे छे! साहेब आलेत. आपल्या गल्लीच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

मग रांगच लागली. सगळे हळू, सगळे प्रसन्न, सगळे घड्याळजीला हात करणारे. आपल्यावर इतक्या लोकांचे प्रेम आहे हे त्याला आयुष्यात प्रथमच कळत होते, आणि त्या प्रेमाखाली त्याची फाइल चिरडली जात होती. घायकुतीला येऊन त्याने कोपऱ्यावर एका अनोळखी मोटारवाल्याला हात जोडले. “कृपा करून इथून जोरात जा.”

मोटारवाल्याने त्याला आपादमस्तक न्याहाळले. “पुढे सापळा लावलाय वाटतं?” म्हणाला, आणि गोगलगाईच्या गतीने पुढे सरकला.

अखेर घड्याळजीने टेम्पोवाल्याचेच पाय धरले. “फक्त एकदा. नेहमीसारखं या.”

“पुन्हा मला दोष देऊ नका,” असे बजावून टेम्पोवाला वळसा घालून आला. हॉर्न दणाणला. अभियंता सावरून उभा राहिला. “हां! हा येतोय खरा!”

नेमकी त्याच क्षणी आत्या पदर खोचून रस्त्यात उतरली.

“आत्या! मागे हो!”

“का रे? बघ तरी, सगळे किती गुणी झालेत!”

ब्रेक करकचले. टेम्पो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. आत्याने त्याच्या नाकाडावर थोपटले. “शहाणा आहेस हो.” टेम्पोवाल्याने मान खाली घातली. आत्या पलीकडे पोहोचली आणि मावशीच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या, आणि रस्ताभर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एकीनेही हॉर्न वाजवला नाही.

अभियंत्याने डोळे पुसत लिहिले, “ज्येष्ठ नागरिक रस्त्यात उभे राहून चालकांची विचारपूस करतात. वाहतूक आदर्श. उपायांची गरज नाही.”

“साहेब, हे रोजचं नाही हो!”

“नशीबवान आहात,” अभियंता म्हणाला आणि यंत्र पेटीत घालून निघाला. त्याची जीप वळणापर्यंत गेली ती धुरळा उडवीत.

तिच्यामागोमाग अख्खी गल्ली मोकळी झाल्यासारखी सुटली. सकाळभर साठवलेला वेग लोकांनी दुपारपर्यंत खर्च केला. टेम्पो तर तीनदा गेला.

उन्हे कलली तशी समोरच्या उंबऱ्यावर आत्या दिसू लागली. एक पाय बाहेर टाकी, मागे घेई.

“मी येतो, माझा हात धर!” घड्याळजी ओरडला.

“पिशवी गेली, आता मला घालवतोस? मुळीच नाही!”

“मग राहा मावशीकडे दोन दिवस!”

“हिच्याकडे? ही पंखा लावू देत नाही!”

“खोटं बोलते!” आतून मावशी कडाडली. “सकाळपासून माझ्या शिवणीत चुका काढतेय! घेऊन जा हिला!”

मधून ट्रक गेला. धूळ खाली बसली तेव्हा आत्या तिथेच उभी होती.

“अरे, त्या साहेबांना परत बोलाव!”

“कशाला? फाइल बंद केली त्यांनी!”

“फाइल घाल चुलीत! त्यांनी नुसतं यंत्र लावून घटकाभर उभं राहावं. मला घरी यायचंय!”

घड्याळजीने टेबलावरचे स्क्रू बाजूला सारले, कोरा कागद पुढे ओढला आणि बराच वेळ विचार करून, वळणदार अक्षरात लिहिले :

‘विषय : आदर्श वाहतुकीमुळे पलीकडे गेलेली आत्या परत मिळणेबाबत.’