वरच्या मजल्यावरचा वाचक

ब्लॉग सुरू करा, ही सूचना धाकट्यांच्या मुलीची. सूचना कसली, फोनवरून सोडलेला हुकूमच. आई गेल्यापासून बाबा घरात नुसते बसून असतात, कुणात मिसळत नाहीत, फोन केला तर "बरं आहे" याच्यापुढे गाडी सरकत नाही, हे तिला परक्या गावात संसार सांभाळत ऐकवेना. तिने नियम घालून दिले. रोज काहीतरी लिहायचं. जे आपल्याला ठाऊक आहे तेच लिहायचं. मथळा छोटा ठेवायचा आणि कुणी काही म्हटलं तर उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही. एवढं केलं की ब्लॉग चालतो म्हणे.

धाकट्यांना ठाऊक होतं ते चष्म्यांबद्दल. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात गेलेला. त्यांनी पहिला लेख लिहिला, 'चष्मा कशाने पुसू नये'. मग 'नाकावरचे वळ' आणि त्यानंतर ओरखड्यांवर एक लांबलचक प्रकरण. हे सगळं मुलीने इमानाने वाचलं. आणखी एकाने 'छान माहिती' असं लिहून खाली केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात डकवली. धाकट्यांनी नियमाप्रमाणे त्यालाही उत्तर दिलं: आभारी आहे, पण आता फार उशीर झाला.

घर दोन मजली होतं. खाली धाकटे राहत, वर त्यांचे थोरले बंधू. थोरल्यांनी लग्न केलं नव्हतं. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढता काढता त्यांची नोकरी संपली होती, मोजायची खोड मात्र संपली नव्हती. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्यांनी स्वतः फीत धरून भिंतीन् भिंत मोजली. जिना तेवढा वाटायचा राहिला. मग असं ठरलं की खालच्या निम्म्या पायऱ्या धाकट्यांनी झाडाव्यात, वरच्या निम्म्या थोरल्यांनी. ठरल्यावर लक्षात आलं की पायऱ्यांची संख्या विषम आहे. मधली पायरी कुणाची, यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

तरी तेव्हा धाकट्यांची बायको होती. ती दोघांच्या मधे निरोप ने-आण करायची. "त्याला म्हणावं, खुर्ची खरडत जाऊ नकोस, डोकं उठतं," असा खालून निघालेला निरोप वर पोचेपर्यंत "झोप नीट लागते का, विचारत होते" असा होऊन जायचा. धाकट्यांनी तो एकदा जिन्याखाली उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐकला होता आणि मुकाट्याने आत जाऊन बसले होते. मधली पायरीही तीच झाडायची, कुणाला न सांगता. ती गेली त्या दिवशी थोरले खाली आले, दारात उभे राहिले, चार माणसांसमोर एक शब्द न बोलता पुन्हा वर निघून गेले. धाकट्यांना ते जिव्हारी लागलं. त्यानंतर वरच्या मजल्यावरून येत होते ते नुसते पावलांचे आवाज.

चष्म्यांचे विषय संपले त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं, घरात दिवा लावावा लागला होता आणि धाकट्यांना जगण्याचा कंटाळा आला होता. लिहायला तर हवंच, म्हणून त्यांनी 'मधली पायरी' असा मथळा टाकला आणि तिच्यावर साचलेल्या धुळीचं वर्णन केलं. बायको ती कशी झाडायची ते लिहिलं. शेवटी, काही माणसांना सगळ्या जगाची मापं घेता येतात पण एका पायरीवरून झाडू फिरवता येत नाही, असा टोमणाही हाणला. वर कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यासमोर माणूस आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

संध्याकाळी लेखाखाली 'वरचा' या नावाने चार ओळी आल्या. "पायरीची उंची जोत्यापासून मोजतात. तशी मोजल्यास ती धाकट्याच्या हिश्श्यात पडते. लेखकाला दिसत नसेल तर त्याने आयुष्यभर लोकांना काय दिलं, याचा गिऱ्हाइकांनी विचार करावा."

धाकट्यांचा तिळपापड झाला. पण उत्तर द्यायचं हा नियम होता. त्यांनी उत्तर दिलं. वरून प्रत्युत्तर आलं. निजानीज होईपर्यंत लेखापेक्षा भांडण लांब झालं आणि दुसऱ्या दिवशी ते वाचायला अनोळखी माणसं जमली. भांडण फुकटात पाहायला मिळत असेल तर माणूस हातातलं काम टाकून येतो, हे मुलीच्या नियमांत नव्हतं, पण असायला हरकत नव्हती.

मग ब्लॉग असा वाढला की बोलायची सोय नाही. धाकट्यांनी नळाबद्दल लिहावं, थोरल्यांनी नळाचा नकाशा शब्दांत काढून त्यांना खोटं पाडावं. वाचकांत 'वरचे' आणि 'खालचे' असे तट पडले. एका शिक्षिकेने पायरीचा प्रश्न वर्गात सोडवायला दिला आणि निम्मा वर्ग रडवेला होऊन घरी गेला, असं तिनेच कळवलं. मुलीने फोनवर आनंदाने सांगितलं की तुमच्या ब्लॉगला आता ओळख मिळाली. "काकांशी बोललात का पण?" तिने विचारलं. "रोजच बोलतो की," धाकटे म्हणाले.

आणि ते खोटं नव्हतं. लेख टाकला की धाकटे छताकडे कान लावून बसत. थोड्या वेळाने वर खुर्ची खरडायची. मग टकटक सुरू व्हायची, दोन बोटांनी, सावकाश, एकेक अक्षर दाबून. ती टकटक ऐकताना धाकट्यांना इतकं बरं वाटायचं की स्वतःचाच राग यायचा. हे कुणाला कबूल करायचा प्रश्नच नव्हता. एवढंच झालं की लेखांतले टोमणे रोज थोडे अधिक बोचरे होऊ लागले, कारण टोमणा जितका झोंबेल तितकी टकटक लांबायची.

एके दिवशी खुर्ची खरडली नाही. धाकट्यांना वाटलं, लेख मिळमिळीत झाला असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्यांच्या खोकल्यावर लिहिलं. उत्तर नाही. मग त्यांच्या बेसूर गाण्यावर लिहिलं. तरी वर सामसूम. शेवटी धाकट्यांनी नको ते केलं. थोरल्यांनी काढलेल्या एका नकाशात ओढा भलत्याच शेतातून गेला होता, अशी थाप मारली. थोरल्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा अपमान होता आणि तो गिळून गप्प बसणारा माणूस ते नव्हते. धाकटे कान लावून बसले. छत मुकंच राहिलं.

आता वाचक अस्वस्थ झाले. वरचे कुठे गेले, असं जो तो विचारू लागला. खालच्या तटातली माणसंसुद्धा म्हणू लागली की जिना चढून बघा. धाकट्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. ती गेली तेव्हा त्याला खाली येऊन एक शब्द बोलवला नाही, मग मी का चढू, असं त्यांनी लिहिलं, निरनिराळ्या शब्दांत, निरनिराळ्या माणसांना. लिहिताना कान छताकडेच होता. पण हट्ट असा की लेख लिहून विचारेन, पाय उचलणार नाही.

मुलीचा फोन आला. तिने ब्लॉगचं नावही काढलं नाही. "बाबा, आई असती तर एव्हाना कितीदा वर जाऊन आली असती?" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकटे उठले. मधल्या पायरीवरच्या धुळीत त्यांच्या पावलाचा ठसा उमटला आणि तो पाहायला ते थांबले नाहीत. वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. थोरले पलंगावर पडले होते, गालफडं बसलेली, ओठ सुकलेले, अंगात सणकून ताप. धाकट्यांना वाटलं, आपण उशीर केला. मग थोरल्यांनी डोळे उघडले.

"पाणी दे," ते म्हणाले. दोन घोट पोटात गेल्यावर थोडा दम खाऊन म्हणाले, "वाचलं होतं. खुर्चीपर्यंत जाता येईना. नकाशात चूक नव्हती."

"नव्हती," धाकटे म्हणाले. "मी थाप मारली."

डॉक्टर आले, छातीत कफ साचलाय म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं असंही म्हणाले. धाकट्यांनी आपलं अंथरूण वर नेलं. औषधं देणं, कपाळावर पट्ट्या ठेवणं, पातळ खिमट भरवणं यात दिवस जाऊ लागले. दोघं फारसं बोलत नसत. एकदा मात्र ताप उतरत असताना थोरले भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ती गेली तेव्हा बोलायलाच आलो होतो. पण तुला काही सांगायचं तर तिच्याकडेच सांगायची सवय. निरोप न्यायला तीच नव्हती." धाकट्यांनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं, तरी केलं.

या धांदलीत ब्लॉगकडे कोण बघतो. पण तिकडे वाचकांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता. शेवटचं उत्तर 'मी का चढू', त्यानंतर शांतता, म्हणजे जे व्हायचं ते झालं. कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि बांध फुटला. वरच्या तटाने अश्रू ढाळले, खालच्या तटाने जाहीर माफी मागितली. इतकी माणसं ब्लॉगवर कधीच आली नव्हती. मुलीने घाबरीघुबरी होऊन कळवलं की बाबा, आधी खरं काय ते लिहून टाका. आज लिहितो, म्हणून धाकटे अगोदर औषधं आणायला गेले.

ते परतले तर खालच्या बैठकीत, ब्लॉग वाचून पत्ता शोधत आलेलं, एक वयस्कर जोडपं बसलेलं. बाई डोळे पुसत होत्या. आणि समोर, शाल गुंडाळून, मांडीवर भला मोठा पुष्पगुच्छ घेऊन, थोरले. घंटी वाजत राहिली आणि दार कुणी उघडेना म्हणून भिंत धरत धरत खाली उतरले होते.

"हे तुमचे शेजारी सांगत होते," बाई उठून धाकट्यांना म्हणाल्या, "की फार त्रास न होता गेले."

धाकट्यांनी तोंड उघडलं. थोरल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मिटलं.

"धीर धरा," बाईंचे यजमान त्यांचा हात दाबत म्हणाले.

"धरतो," धाकटे म्हणाले.

"तिरसट होते, पण मनाचे चांगले असणार," बाई म्हणाल्या.

"मनाचेही तिरसटच होते," थोरले म्हणाले. "मी जवळून ओळखायचो."

पाहुणे गेल्यावर धाकट्यांनी दार लावलं आणि कपाळावर हात मारला. हा काय प्रकार, असं विचारलं. थोरले फुलं बाजूला ठेवत शांतपणे म्हणाले की माणसं एवढी लांबून आली होती, रडून झालं होतं, आता कुठल्या तोंडाने मी जिवंत आहे म्हणून सांगायचं.

"आणि दुसरं म्हणजे," ते म्हणाले, "मला जिना चढून पुन्हा वर एकट्याने जेवायला बसायचं नाहीये. बरा झालो आणि तुझ्याकडे जेवायला आलो असतो, तर तुझे ते खालचे लोक म्हणाले असते, वरचा हरला. मेलेला माणूस हरत नाही. तो कुठेही जेवतो."

उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही हा नियम धाकट्यांनी मोडला.

संध्याकाळी त्यांनी दोन ताटं वाढली. पण थोरल्यांनी आधी लेख लिहायचा आग्रह धरला. लोक वाट बघताहेत, मृत्युलेख वेळेवर यावा, आणि पाल्हाळ लावू नकोस, असं बजावून ते ताटासमोर बसून राहिले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकटे लिहू लागले. दोन कोरड्या ओळी लिहून मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत होता. बायको गेली तेव्हा तिच्यावर दोन ओळीसुद्धा लिहिल्या नव्हत्या, आणि इथे समोर बसून वरणात बोट बुडवून ते गरम आहे का बघणाऱ्या माणसावर काय लिहायचं. पण लिहायला लागले आणि हात थांबेना.

"माझा थोरला भाऊ हट्टी होता," त्यांनी लिहिलं. "मी त्याच्याहून. माझी बायको गेल्यावर मला लहानपणापासून ओळखणारं एकच माणूस या जगात उरलं होतं आणि ते माझ्या डोक्यावर राहत होतं. मी रोज लिहायचो ते तुमच्यासाठी नव्हतं. त्याने रागावून दोन अक्षरं टाकावीत म्हणून होतं. तो आजारी पडला तेव्हा मी लेख लिहीत बसलो. मला तो हवा होता, हे मी त्याला कधी सांगितलं नाही."

इथे त्यांना पुढचं दिसेना. ते सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत बसले. थोरल्यांनी हात लांब करून कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला आणि सावकाश, एकेक ओळ धरून वाचलं.

"हे आधी लिहिलं असतंस," ते शेवटी म्हणाले, "तर मला मरावं लागलं नसतं."

मग त्यांनी धाकट्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि स्वतः जेवायला सुरुवात केली.