घरातले दोष

या वेळी वरची खोली मी एकटाच भाड्याने देणार, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. ठणकावून म्हणजे, ती मिक्सर चालवत असताना. एरवी अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण आता माझ्या पाठीशी नवा नियम होता: अर्जासाठी वाटेल तसं शुल्क घ्यायचं नाही आणि घरातले दोष भाडेकरूला आधीच सांगायचे. नियम म्हणजे वाचन, आणि वाचनात मला कोण हरवणार!

वाचता वाचता मात्र मी अडखळलो. 'घराचे' दोष नव्हे, 'घरातले'. भिंती आणि नळ अभिप्रेत असते तर 'घराचे' लिहिलं नसतं का? आणि 'आमच्या घरातले' म्हणजे तर... आत मिक्सर अजून चालूच होता. मी शब्दकोश काढला. शंका दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी एक नर्स खोली बघायला आली. बिचारी जाईल तिथे अर्जाचे पैसे भरत होती आणि ओल, ढेकूण सगळं मागाहून कळत होतं. इथे शुल्क नाही म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला.

"आणि दोष, काका?"

मी घसा खाकरला. "पहाटेपासून आवाज सुरू होतो. बंद करता येत नाही. उन्हाळ्यात फार तापतं."

"चालेल. खूप जुनं आहे का?"

"लग्नापासूनचं."

"मग दुरुस्ती करून घ्या ना."

"करून पाहिली. उलट माझीच झाली."

ती गोंधळून छताकडे बघू लागली. मागे कपबशी वाजली. दारात बायको उभी होती, हातात चहा.

"घ्या हो," ती नर्सला इतक्या गोड आवाजात म्हणाली की मी दोन पावलं मागे सरकलो. नर्सच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. कळवते म्हणाली आणि चहा न घेताच जिना उतरली.

मी बायकोला नियम समजावला. षष्ठीचा प्रत्ययही समजावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अर्जाला शुल्क नाही ना?"

"नाही."

"मालकाचे दोष सांगू नका. मला पाठ आहेत."

आणि उशी घेऊन ती वर गेली.

तेव्हापासून खोली रिकामी नाही. तिथे आमच्या घरातलेच राहतात. खाली मात्र फार शांतता असते. हा दोष मला आधी कुणीच सांगितला नव्हता.